‘सहमत’चं बटण कुणी दाबलं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या केंद्रात येणाऱ्या एका ताईंचं शहरातल्या दवाखान्यात स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. चार-पाच महिन्यांनी डावा हात सुजायला लागला. आधी बांगड्या घट्ट झाल्या, मग वर सरकेनात, शेवटी वाढवाव्या लागल्या. घरात त्यावरून जे व्हायचं ते झालं. हात का सुजला यापेक्षा नवरा असताना हात मोकळा कसा, याचीच चर्चा जास्त.

दवाखान्यानं सांगितलं, दर आठवड्याला इतक्या लांब येऊ नका, व्यायाम व्हिडिओवर शिकवू. एसटीनं जायला साडेतीन तास, यायला साडेतीन, आणि एक रोज बुडणार. त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. ताईंकडे साधा बटणांचा फोन. म्हणून लिंक मुलाच्या नंबरवर आली आणि मुलगा फोन घेऊन ताईंना केंद्रात सोडून गेला. फोन मी हातात धरला. पडद्यावर इंग्रजीतला लांबलचक मजकूर उघडला, खाली ‘आय ॲग्री’ असं निळं बटण. ताईंनी विचारलं, “काय लिहिलंय हो?” मी म्हटलं, “काही नाही ताई, नेहमीचं असतं ते.” आणि बटण दाबलं.

पहिला तास बरा गेला. दुसरा, तिसरा घरी झाला. तिसऱ्या वेळी पलीकडच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं, अगदी अदबीनं, सांगितलं की खांदा आणि व्रण बघायचाय, ब्लाउजची बाही काढता येईल का? घर दोन खोल्यांचं. खाटेवर दीर पडलेले, कोपऱ्यात पुतण्या अभ्यास करतोय, फोन मुलाच्या हातात. ताई म्हणाल्या, “आता बरंय मला, दुखत नाही.” फोन बंद झाला. त्यानंतर चार वेळा लिंक आली, कुणी उघडली नाही. दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले तेव्हा हात आधीपेक्षा जड झाला होता. मी म्हटलं, “ताई, असं मधेच का सोडलंत? तुम्ही तर हो म्हणाला होतात.”

“मी कुठं? तुम्हीच दाबलंत की.”

त्या हसून म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

आपण, म्हणजे संमतीचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका. १९८५ मध्ये आंध्रातल्या पटणचेरूला बायकांना धड माहिती न देता नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन टोचायला सुरुवात झाली, तेव्हा हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं ते उघड केलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, तेव्हा ‘त्यांच्या वतीनं हो कुणी म्हटलं’ हा प्रश्न आपणच विचारला. २००९-१० मध्ये खम्ममच्या आश्रमशाळांतल्या मुलींना एचपीव्ही लस देताना संमतीपत्रावर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर ताशेरे ओढले. या साऱ्यावर मी शिबिरांत बोलले आहे. आणि एका ताईंच्या वतीनं ‘आय ॲग्री’ म्हणताना माझा अंगठा क्षणभरही थांबला नाही.

घरी आल्यावर मी तो मजकूर मागवून घेतला. केंद्रात येणाऱ्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीबरोबर बसून त्याचं मराठी केलं. एक तास वीस मिनिटं लागली, आणि आम्ही दोघी इंग्रजी वाचणाऱ्या. त्यात होतं, की दर्जा राखण्यासाठी आणि शिकवण्यासाठी तासाचं चित्रीकरण होऊ शकतं. रुग्णाची माहिती ‘सहयोगी संस्थांना’ दिली जाऊ शकते. व्हिडिओवरच्या तपासणीला मर्यादा आहेत हे रुग्णाला मान्य आहे. व्यायाम करताना इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही. आणि सर्वांत शेवटी : आपण खाजगी जागेत आहोत याची रुग्ण खात्री देत आहे.

दोन खोल्या, सहा माणसं. खात्री मी दिली होती.

हे प्रकरण एखाद्या वाईट दवाखान्याचं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. त्या मुलीनं विचारलेलं योग्यच होतं; काखेतल्या गाठी काढल्यावर येणारी सूज बघायची तर खांदा, काख, व्रण बघावाच लागतो. चूक ही, की हे बघावं लागेल असं ताईंना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी एकतर दार लावून घ्यायची सोय केली असती, किंवा केंद्रात आल्या असत्या, किंवा सरळ सांगितलं असतं की महिन्यातून एकदा एसटीनं येते पण हे नको. तिन्ही रस्ते त्यांचे होते. ते त्यांना दिसले नाहीत, कारण मधे निळं बटण आलं.

कायदा याबद्दल काय म्हणतो? समीरा कोहली या बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये दिलेला निकाल आपल्यातल्या अनेकींना ठाऊक आहे. १९९५ साली त्या दिल्लीत तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान आहे, जीव धोक्यात नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची सही ही तिची संमती नव्हे. तपासणीला दिलेला होकार हा उपचाराला दिलेला होकार होत नाही, हेही सांगितलं. उपचार काय आहे, कशासाठी, त्याला पर्याय काय, मोठे धोके कोणते, आणि नाही म्हटलं तर काय होईल, एवढं सांगितल्यावरच खरी संमती मानायची. डॉक्टरांना फी मिळणार नाही आणि भरपाईपोटी पंचवीस हजार द्यायचे, असा तो निकाल. रक्कम वाचून त्या वेळीही राग आला होता. पण तत्त्व पक्कं झालं.

मग करोना आला. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. त्यांत संमतीचे दोन प्रकार आहेत. रुग्णानं स्वतःहून फोन लावला तर संमती गृहीत धरायची. डॉक्टरनं, आरोग्य कार्यकर्त्यानं किंवा रुग्णाची काळजी घेणाऱ्यानं लावला, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यायची : संदेशानं, ई-मेलनं किंवा आवाज वा व्हिडिओ ध्वनिमुद्रित करून, आणि तिची नोंद ठेवायची. म्हणजे आमच्या ताई स्वतःच्या तोंडानं मराठीत “हो, मला चालेल” म्हणाल्या असत्या आणि ते नोंदलं गेलं असतं, तर ते त्या तत्त्वांना धरून झालं असतं. मी दाबलेलं बटण त्यात कुठेच बसत नाही. पण गंमत अशी, की ही तत्त्वं नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत. फिजिओथेरपिस्ट त्यांत नाहीत. त्यांच्या व्यवसायासाठी २०२१ साली राष्ट्रीय कायदा झाला, महाराष्ट्रात त्याआधीपासून नोंदणीची परिषद आहे. पण व्हिडिओवर बाईला व्यायाम शिकवताना तिला काय सांगायचं, हे डॉक्टरांच्या नियमांवरून उसनं घ्यावं लागतं.

आणि उसनं घेतलेलं इथे पुरत नाही. डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, गोळ्या लिहून देतात, फोन ठेवतात. फिजिओथेरपीत बाईचं शरीर हेच काम आहे. दवाखान्यात थेरपिस्टचा हात सूज दाबून बघतो, खड्डा पडतो का, कातडी गरम आहे का, सांधा कुठे अडतो. व्हिडिओवर तो हात नसतो. त्याच्या जागी बाईचाच दुसरा हात येतो. तिनंच दाबायचं, तिनंच टेलरच्या टेपनं मनगट, कोपर, दंड मोजायचे, तिनंच आकडे लिहून ठेवायचे. हे करता येतं, आणि बायका ते छान करतात. पण तपासणीचं अर्धं काम दवाखान्यातून उठून तिच्या घरात आलं, हे तिला सांगायला नको का? फोन धरायला सून किंवा लेक लागते, तिचाही वेळ जातो. दवाखान्याचा खर्च वाचतो तो कुणाच्या श्रमातून, हा आपला जुनाच प्रश्न.

धोक्यांचंही तसंच. समोर थेरपिस्ट असेल तर तोल गेल्यावर धरायला माणूस असतं. घरी गुळगुळीत फरशी, घसरणारी प्लॅस्टिकची खुर्ची आणि पायात साडी. गुडघ्याच्या व्यायामाला उभं राहण्याआधी शेजारी कोण आहे, पडलात तर कुणाला बोलवायचं, तुम्ही आत्ता नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहात, हे विचारायलाच हवं. फोन तुटला आणि बाई जमिनीवर असेल तर पलीकडचीनं करायचं काय? शिवाय काही खुणा अशा आहेत की व्यायाम थांबवून तडक डॉक्टर गाठायचा. सुजलेला हात लाल होऊन तापला आणि अंगात ताप भरला तर. कंबरदुखीत दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली तर. ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर. हे संमतीपत्राच्या सातव्या कलमात दडवायचं नसतं. पहिल्या पाच मिनिटांत तोंडी सांगायचं, आणि बाईकडून परत वदवून घ्यायचं, म्हणजे पोचलं की नाही ते कळतं.

अंग बाहेर येणं, खोकताना-शिंकताना लघवी होणं, याबद्दल तर वेगळं बोललं पाहिजे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम १९४८ पासून माहीत आहेत, डॉ. केगल यांचं नाव त्यांना आहे. या दुखण्यासाठी आमच्याकडच्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत, वर्षानुवर्षं फडकं घेऊन वावरतात. त्यांतल्या दोघी-तिघी फोनवर मात्र मोकळ्या बोलल्या, समोरासमोर बोलल्या नसत्या. व्हिडिओचा हा फायदा खरा. पण स्नायू बरोबर आवळला जातोय की नाही हे पडद्यावरून दिसत नाही. काही जणी वर खेचण्याऐवजी खाली जोर लावतात, त्यानं त्रास वाढू शकतो. तेव्हा फरक पडला नाही तर एकदा प्रत्यक्ष तपासणी लागेल हे आधीच सांगावं. आणि हे व्यायाम शब्दांनी शिकवता येतात, त्यासाठी कॅमेऱ्यासमोर कमरेखालचे कपडे काढायची काहीच गरज नसते, हेही बाईला आधीच माहीत हवं. कुणी तसं सांगितलं तर फोन ठेवायचा.

आता घराबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के. आकडे तेव्हापासून वाढलेच असतील. पण गुडघे, कंबर, हात दुखणाऱ्या आपल्या मावश्या, आज्या पन्नाशीपुढच्या. त्या मोजणीत नव्हत्याच. त्यांचा फोन म्हणजे मुलाचा फोन, सुनेचा फोन. लिंक त्यावर येते, तासाची आठवण त्यावर येते, तपासणीचा अहवाल त्यावर येतो. ज्या बाईला दंडावर मार बसून दुखतंय आणि मारणारा त्याच फोनचा मालक आहे, तिला व्हिडिओवर “हे कसं लागलं?” असं विचारून काय उत्तर मिळणार? हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न थेरपिस्टनं विचारावेत. खोलीत कोणी आलं की फोन बंद करता यावा म्हणून एखादा साधा शब्द आधीच ठरवावा. “दूध उतू जातंय” हा आमच्या केंद्रातल्या बायकांनी सुचवलेला. कुणालाच संशय येत नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. पलीकडे बसलेली थेरपिस्ट बहुतेक वेळा पंचविशीतली मुलगी असते, स्वतःच्या घरातल्या एका कोपऱ्यातून बोलणारी. तिच्या मागे कोण आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि इकडच्या पुरुष रुग्णानं वेडंवाकडं वागलं तर तिनं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. दोन्हीकडच्या खोल्यांत कोण आहे ते दोघींनी एकमेकींना सांगायचं, एवढा साधा रिवाज का नसावा?

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा काही जणींचं म्हणणं पडलं, की आपण या प्रकाराला विरोधच केला पाहिजे. सरकारनं तालुक्याला फिजिओथेरपिस्ट नेमावा, व्हिडिओ हा पळवाट काढायचा धंदा आहे. नेमावा हे बरोबरच, ती मागणी सोडायची नाही. पण विरोधाशी मी सहमत नाही (हा शब्द आता जपूनच वापरते). २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. गुडघेदुखी जुनी असलेल्या सुमारे चारशे लोकांत, व्हिडिओवर थेरपिस्टचा सल्ला घेणाऱ्यांना प्रत्यक्ष जाणाऱ्यांपेक्षा कमी फायदा झाला नाही. ऑस्ट्रेलियातलं घर आणि आपलं घर यांत फरक आहे, आणि गुडघा म्हणजे काख नव्हे. तरी उपचार फसवा नाही एवढं त्यातून कळतं. ऊसतोडीवरून कंबर मोडून आलेल्या बाईला ‘शहरात जा नाहीतर काहीच नको’ असं आपण म्हणायचं का? निवड तिची. ती करण्यापुरतं तिला कळलं पाहिजे, एवढंच माझं भांडण आहे.

कळण्याच्या आड भाषा येते, आणि इथे कायद्याचा थोडा आधार आहे. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू होतील असं त्यांतच ठरलं आहे. त्यानुसार सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. तो दिवस उजाडायची वाट न बघता दवाखान्यांना आत्तापासून मराठी मजकूर मागायला हरकत नाही. चित्रीकरणाचा होकार उपचाराच्या होकाराला बांधलेला असेल तर तो सोडवून मागायचा : व्यायाम शिकवा, चित्रीकरण नको. कॅमेऱ्यानं हालचाली मोजणारी ॲप्स आता आली आहेत, त्यांत माणूसच नसतो. तिथे तर हे दुप्पट.

ताईंच्या दवाखान्याला आम्ही पत्र लिहिलं. पहिलं उत्तर आलं की मजकूर वकिलांनी तयार केला आहे. दुसऱ्या पत्रानंतर त्या थेरपिस्ट मुलीनं स्वतः फोन केला. म्हणाली, “मला वाटायचं, त्यांनी वाचून सही केलीय.” तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. मग आम्ही तिघींनी बसून, ताईंना मधे घेऊन, पहिला तास पुन्हा केला. तिनं नाव, नोंदणी क्रमांक सांगितला. काय काय बघावं लागेल ते सांगितलं. हातानं मालिश करून सूज उतरवायचा प्रकार व्हिडिओवर ती स्वतः करू शकणार नाही, त्यासाठी दोन महिन्यांतून एकदा यावं लागेल, दाबपट्टीची बाही मापानं घ्यावी लागेल, हे सांगितलं. घरात बादल्या कोण उचलतं हे विचारलं. ताईंनी खरं सांगितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा व्यायामाचं वेळापत्रक त्यांच्या दिवसाला धरून झालं. आधीच्या कागदावर सकाळी आठची वेळ होती, म्हणजे नेमकी पाण्याची.

चित्रीकरणाला ताई नाही म्हणाल्या. खांदा दाखवायला हो म्हणाल्या, पण केंद्रात, आणि फोन मी धरायचा नाही. खिडकीत विटेला टेकवून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. आता दर गुरुवारी दुपारी आतली खोली त्यांची असते. मी बाहेर बसते.